चौऱ्याऐंशी दिवस आणि मॅनेजरची खुर्ची

१४ सप्टेंबर २०२१, मंगळवार. सकाळी ९.

लीगचं सर्क्युलर आलं. दख्खन कबड्डी लीग, सीझन सहा, साताऱ्यात, १८ ते २६ डिसेंबर. बारा खेळाडू, एक कोच, एक मॅनेजर. चौदाही जणांचे लसीचे दोन्ही डोस १५ डिसेंबरपर्यंत झालेले पाहिजेत. यादीतल्या एकाचं जरी राहिलं तरी अख्खा संघ बाद.

योग्य निर्णय. मी पहिल्यापासून याच मताचा. ज्याने स्वतःच्या हाताने चाळीस लाख पिलांना लस टोचली, त्याला लसीचं महत्त्व कुणी सांगायला नको. सायकलला थर्मास बांधून आष्ट्याच्या आसपासचं एक शेड सोडलं नव्हतं. आज स्वतःची हॅचरी, स्वतःचा संघ. 'आष्टा तुरेबाज'. जर्सीवर हॅचरीचाच कोंबडा. बाकीचे संघ आम्ही दिसलो की 'आल्या कोंबड्या' म्हणतात. म्हणू देत. गेल्या वर्षी लीग झाली नाही, तरी दोन वेळा सेमीफायनल आमच्या नावावर आहे.

मॅनेजर मीच. पाच सीझन बेंचवरची डावीकडून पहिली खुर्ची माझी. तिथून मला चढाई करणाऱ्या धुळ्याचा श्वास ऐकू येतो. दम संपत आला की त्याच्या 'कबड्डी'तला 'ड' आधी बसतो. कोचला हे कळत नाही. माझे कान तसे आहेत. शेडच्या दारात उभं राहून आत किती कोंबड्यांना सर्दी आहे ते सांगतो.

निश्चय: पोरांचं आठवड्यात उरकून घ्यायचं. माझं स्वतःचं राहिलंय, पण ते वेळ मिळाला नाही म्हणून. सध्या घरात गणपती. दंड सुजला तर आरतीचं ताट कोण धरणार? विसर्जन झालं की लगेच.

१६ सप्टेंबर, गुरुवार.

संध्याकाळी मॅटवर मीटिंग. हॅचरीमागच्या गोदामातच मॅट टाकलंय, पोरांची राहायची खोली शेजारी. मी उभं राहून बोललो. हजार पिलांत एकाची लस चुकली तर राणीखेत रोगाची साथ त्या एकापासून अख्ख्या शेडभर कशी होते, ते सांगितलं. पोरं मन लावून ऐकत होती.

शाहनवाज वही घेऊन बसला. हा आमचा कोच, एरवी कुंडलला शाळेत पीटी शिकवतो. बोलतो कमी, लिहितो जास्त. ज्यांचं झालंय किंवा एक डोस झालाय त्यांनी हात वर करा म्हणाला. अकरा हात वर झाले. धुळ्याचा झाला नाही.

धुळा आमचा मुख्य रेडर. जत तालुक्यातला, धनगराचा पोरगा, वय चोवीस. मेंढरांमागे माळ तुडवून पाय तयार झालेले. त्याच्याशिवाय आमचा संघ म्हणजे नुसती जर्सी. तुझं काय, असं शाहनवाजने विचारलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मालक घेतील तवा माझं बघू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांचं झालं असेलच, असं शाहनवाज म्हणाला. मी मान हलवली. कोणत्या बाजूला ते ज्याचं त्याने ठरवावं.

पोराची निष्ठा बघून डोळ्यांत पाणी आलं. पण काळजीही वाटते. एवढा वाघासारखा गडी आणि सुईला भितो.

२० सप्टेंबर, सोमवार.

काल विसर्जन. आज जाणारच होतो. शर्टसुद्धा हाफ बाह्यांचा घातला होता. पण पितृपक्ष लागला.

मी अंधश्रद्धाळू नाही. पण वडिलांनी पितृपक्षात कधी नवी बनियनसुद्धा घातली नाही आणि इथे तर शरीरात नवीन काही घालायचं. आणि समजा आपण घेतली, तर धुळ्यावर दडपण येईल. त्याची मनाची तयारी झाल्याशिवाय मी पुढे जाणं बरोबर नाही.

तो दोन दिवस गावी गेला. आईला भेटून येतो म्हणाला.

२३ सप्टेंबर, गुरुवार.

शाहनवाजने आज वही दाखवली. कोविशील्डच्या दोन डोसांत चौऱ्याऐंशी दिवस लागतात. १५ डिसेंबरला दुसरा हवा तर पहिला २२ सप्टेंबरला. म्हणजे काल.

मला हे कुणी आधी सांगितलं नाही. (सोमवारी सांगितलं होतं असं तो म्हणतो. सोमवारी मी पितृपक्षाच्या विचारात होतो.)

धुळा परत आला. डावा खांदा धरून होता. मेंढरू उचलताना लचकला म्हणे. मंगलने, म्हणजे आमच्या मंडळींनी, त्याला शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली आणि दोघं हसत होते. बायका खेळाडूंचे लाड करतात ते असे.

निश्चय: आता वेळ हातातून गेलाच आहे तर लढायचं. लीगला पत्र लिहायचं. स्वतःसाठी नाही, धुळ्यासाठी.

२७ सप्टेंबर, सोमवार.

पत्र गेलं. दोन पानी. 'ग्रामीण खेळाडूची मानसिकता', 'सक्ती नव्हे, संवाद' असे शब्द आले आहेत. 'आमचा एक गुणी खेळाडू काही कारणाने सुईस घाबरतो, यास्तव सवलत मिळावी' असं स्पष्ट लिहिलं. नाव घातलं नाही, पोराची लाज राखली. मंगलने वाचलं. म्हणाली, छान लिहिलंय, अगदी आतून आलंय.

५ ऑक्टोबर, मंगळवार.

लीगचं उत्तर. एक ओळ. 'सवलत नाही.'

फलटणच्या संघाचे वाईट हाल आहेत म्हणे. त्यांच्या दोघा पकडपटूंनी लस घेणार नाही म्हणून सांगितलं, आणि संघाने दोघांना यादीतून काढलं. सात वर्षं खेळलेली पोरं. त्यांच्या जागी आता दोन डोसवाले शोधत फिरतात. काल आमच्या राखीव नाथाजीची चौकशी केली. नाथाजीने दोन सीझनमध्ये एकूण चार पॉइंट आणले, त्यातला एक समोरचा पाय घसरून पडला म्हणून. आता त्याला दोन संघांची मागणी, कारण सर्टिफिकेट. कालपासून तो चहाला साखर जास्त मागतो.

खेळाचं काय होणार.

९ ऑक्टोबर, शनिवार.

शेडमध्ये सर्दी ओळखायची आमची एक पद्धत आहे. दारात उभं राहून हलकी शिट्टी मारायची. आठ हजार कोंबड्या एका क्षणात गप्प होतात. त्या शांततेत ज्या शिंकतात त्या आजारी. पंचवीस वर्षांत चुकलेलो नाही.

आज हीच पद्धत पोरांच्या खोलीवर वापरली. दाराबाहेर उभं राहून ऐकत होतो. आत 'मालक' असं काहीतरी चाललं होतं. शिट्टी मारली. सगळे गप्प. मग एक जण शिंकला. मग दुसरा. मग बाराच्या बारा जण शिंकायला लागले.

हवामान बदललंय. काढा द्यायला सांगितला.

१४ ऑक्टोबर, गुरुवार. खंडेनवमी.

सुया-सिरिंजांची पूजा केली, थर्मासला झेंडू घातला. नवरात्रात घट बसलेले असताना रक्त काढणं बरोबर नाही म्हणून लसीचा विषय नऊ दिवस बाजूला ठेवला होता. (रक्त निघत नाही असं मंगल म्हणते. तिला सगळंच माहीत असतं.)

दुपारी बाथरूमच्या भिंतीपलीकडे धुळा आणि शाहनवाज बोलत होते. माझे कान. शब्दन् शब्द ऐकला. शाहनवाज म्हणत होता, एवढा मोठा माणूस, सगळा तालुका मानतो, आणि सुई बघितली की घाम फुटतो. धुळा म्हणाला, "आंगठ्यापासनं भ्या घेतलंय त्यांनी. मंगलकाकी सांगत हुत्या." मग शाहनवाज म्हणाला, जोर नको, हळूहळू कोपऱ्यात घ्यायचं, जसं मॅटवर घेतो.

कुणाबद्दल बोलत होते ते कळलं नाही. बहुतेक फलटणचा एखादा.

अंगठ्यावरून आठवलं. माझा डावा अंगठा वाकडा आहे. कबड्डीत मोडला असं मी सांगतो, ते तसं खरंच आहे म्हणायला हरकत नाही. सन नव्व्याण्णवला अंड्यावरच्या कोंबड्यांना तेलात कालवलेली लस टोचत होतो. कोंबडी फडफडली, सुई अंगठ्यात. तीन दिवसांत अंगठा वांग्याएवढा. मिरजेला नेऊन चिरावा लागला, दोनदा. त्याचा आणि आत्ताच्या गोष्टीचा काही संबंध नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

२८ ऑक्टोबर, गुरुवार.

मोठी बातमी. कोव्हॅक्सिन नावाची दुसरी लस आहे, तिचं अंतर फक्त अठ्ठावीस दिवस. १७ नोव्हेंबरला पहिली घेतली तरी १५ डिसेंबरला दुसरी बसते. नूरीनने सांगितलं. नूरीन म्हणजे शाहनवाजची बायको, इथल्या दवाखान्यात नर्स. ती म्हणाली, दादा, आज बाटली फोडलीच आहे, एक डोस शिल्लक आहे, बसा.

मी म्हटलं, वीस दिवस हातात आहेत तर घाई कशाला, एखाद्या गरजूला द्या.

फार मोकळं वाटतंय. चार दिवसांवर दिवाळी. दिवाळीला माणसाने हातपाय धड ठेवून फराळाला बसावं.

१० नोव्हेंबर, बुधवार. दुपार.

घरोघरी जाऊन लस देण्याची मोहीम निघाली आहे. साडेदहाला गेटवरून फोन आला, नूरीनताई बॉक्स घेऊन आल्यात. मी नेमका त्याच वेळी पिलांच्या खोलीत तपासणीला गेलो. बाहेरच्या माणसाला आत येऊ द्यायचं नाही हा हॅचरीचा नियम, तो मीच केलेला. पाय औषधात बुडवल्याशिवाय, अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय आत प्रवेश नाही. गेटवरच्याला तसं सांगायला लावलं.

निरोप आला, ताई थांबते म्हणतात.

पिलांची खोली तेहतीस डिग्रीवर असते. एक दिवसाच्या पिलांना ते बरं वाटतं. मी बावन्न वर्षांचा आहे. अकरा वाजता शर्ट काढला. साडेअकराला पिलांच्या भांड्यातलं पाणी प्यालो. त्यात ग्लुकोज असतं, चांगलं लागतं. बाराला दाराला कान लावला तर मंगल आणि नूरीन पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. मंगल म्हणत होती, "बसू दे. अंड्यातलं पिल्लूबी एकवीस दिसांनी भाईर येतंय."

साडेबाराला नूरीनचा निरोप: पाय बुडवते, अंघोळही करते, कपडे द्या. तेव्हा मी मागच्या खिडकीतून उसाच्या बाजूला उतरून तातडीच्या कामाला सांगलीला गेलो. बनियनवर.

निश्चय: सोमवारी नक्की.

१५ नोव्हेंबर, सोमवार.

कार्तिकी एकादशी. उपवासाला लस नको असं डॉक्टरसुद्धा सांगतात. (कोणते डॉक्टर, असं मंगलने विचारलं. मी साबुदाण्याची खिचडी मागितली.)

आज दोन गोष्टी झाल्या.

एक: मुंबईच्या मोठ्या लीगचा निवड करणारा माणूस १८ डिसेंबरला साताऱ्याला आमची पहिली मॅच बघायला येणार. खास धुळ्यासाठी. धुळ्या उतरला आणि चालला, तर पोरगं पुढच्या वर्षी टीव्हीवर.

दोन: धुळ्याची आई धोंडुबाई आली. एसटीने, डोक्यावर बाजरीची पिशवी घेऊन. खुर्ची दिली तरी खाली बसली. त्यांच्या गुरांच्या डॉक्टरची गोष्ट सांगत होती. मेंढरांना लस द्यायची झाली की मेंढरं वाड्यात कोंबून चालत नाही, तुडवातुडवी होते. गळ्यात घंटी असलेलं, कळपाच्या पुढं चालणारं बकरं आधी धरायचं. ते टोचून घेऊन शांत उभं राहिलं की बाकीची आपोआप मान खाली घालतात. मग निघताना उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली:

"मालक, तेचा बाप मेंढरामागं मेला. ह्येनं तरी चांगल्या जागी पळावं. पोराचं सगळं तुमच्या हातात हाय."

मी म्हटलं, मावशी, काळजी करू नका.

ती गेल्यावर अर्धा तास शेडच्या दारात उभा होतो. काही ऐकू आलं नाही. १७ तारीख परवा आहे. मी घेतली नाही तर तो घेणार नाही. तो उतरला नाही तर तो माणूस मुंबईला परत जाणार. पुढून मागून बघितलं, कुठेच फट दिसत नाही.

१७ नोव्हेंबर, बुधवार.

घेतली.

सविस्तर लिहितो, पुढे उपयोग होईल. दवाखान्यात सगळा संघ आला होता, कशासाठी कोण जाणे. मी स्वतः चालत आत गेलो. (शाहनवाज एका बाजूला होता, नाथाजी दुसऱ्या. नुसते बरोबर चालत होते, हात धरले होते ते प्रेमाने.) नूरीनने सुई काढली. मी तिला सिरिंजमधली हवा कशी काढायची ते सांगितलं. ती म्हणाली, दादा, खिडकीबाहेर बघा, म्हैस आली. म्हैस नव्हती.

नंतर थोडा वेळ विश्रांती घेतली. फरशीवर. पंखा चांगला लागत होता तिथे.

मग धुळ्या पडद्याआड गेला आणि लगेच दंड चोळत बाहेर आला. कपाळावर आठीसुद्धा नाही. माझ्या उदाहरणाचा परिणाम किती झटकन होतो बघा. दोन महिने नुसतं समजावत होतो, करून दाखवल्यावर दोन मिनिटांत काम झालं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी धोंडुबाईंना स्वतः फोन केला.

२९ नोव्हेंबर, सोमवार.

नवीन नियम. परदेशात कुठला तरी नवीन विषाणू निघाला म्हणून सगळीकडे कडक केलंय. दुसरा डोस झाला एवढं पुरत नाही. त्यानंतर चौदा दिवस गेले पाहिजेत, तरच हॉलमध्ये प्रवेश. लीगने लगेच लागू केलं.

माझा दुसरा १५ डिसेंबरला. अधिक चौदा. २९ डिसेंबर. लीग २६ ला संपते.

तीनदा मोजलं. बोटांवर मोजलं, कॅलेंडरवर मोजलं, अंडी मशीनमध्ये घालतो त्या तक्त्यावर मोजलं. सगळीकडे २९ च येते.

मी नाही गेलो तर चालेल. पण धुळ्या. त्याने माझ्याबरोबर घेतली. म्हणजे तोही २९.

३० नोव्हेंबर, मंगळवार.

आज धुळ्याला मॅटवर एकट्याला गाठलं. आधी ठरवलं होतं की सरकारी धोरणापासून सुरुवात करायची. ती झाली नाही. सरळ म्हणालो, "धुळ्या, तू माझ्यासाठी थांबलास. मी भीत होतो. पितृपक्ष, नवरात्र, सगळी सोंगं. माझ्यामुळं तुझं नुकसान झालं."

हे मी अजून कुणाला बोललो नाही. इथेही लिहिणार नव्हतो.

तो खाली बघत पायाच्या अंगठ्याने मॅट उकरत राहिला. नवीन मॅट आहे, एरवी ओरडलो असतो. मग म्हणाला, "मालक, तुमी आदी चहा घ्या." आणि लांब उभ्या शाहनवाजकडे बघितलं. शाहनवाज म्हणाला, साहेब, धुळ्याचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका.

मंगलसुद्धा रात्री जेवताना आज काही टोचून बोलली नाही. त्याने जास्त भीती वाटली.

१० डिसेंबर, शुक्रवार.

धुळ्याला परवानगी मिळाली. शाहनवाजने सांगितलं, कागद पास झाला. कसा ते विचारलं तर म्हणाला, साहेब, झाला.

मला माहीत आहे कसा. सप्टेंबरमधलं माझं पत्र. त्या वेळी एका ओळीचं उत्तर दिलं, पण मुद्दा त्यांच्या मनात राहिला असणार. चांगलं लिहिलेलं वाया जात नाही.

माझ्यासाठी मात्र काही होऊ शकलं नाही. यादीतलं माझं नाव काढावं लागणार, नाहीतर संघ बाद. आजच शेवटचा दिवस. मॅनेजर म्हणून दोन डोस झालेला कुणीतरी विश्वासाचा माणूस हवा होता. नाथाजीच्या चुलत्याचं नाव निघालं, पण तो घोरतो. शाहनवाज म्हणाला, काकींचे दोन्ही डोस जुलैतच झालेत.

मंगल. जिला बोनस लाइन कुठली ते माहीत नाही. मी तिला म्हटलं, अगं तिथे बसून काय करायचं ते तुला कळणार आहे का? ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमी काय करत हुता?"

ही तात्पुरती व्यवस्था आहे.

१५ डिसेंबर, बुधवार.

आज दुसरा डोस. आता घेण्याची काही गरज नव्हती. खुर्ची गेली, धुळ्याचं झालं. संघ सकाळीच साताऱ्याला गेला, कुणी बघणारं नव्हतं.

शेडवरून सरळ दवाखान्यात गेलो. नूरीन एकटी होती. मी बाही वर केली आणि सुईकडे बघत राहिलो. म्हैस वगैरे काही नाही. एका सेकंदाचं काम.

कुणाला सांगण्यासारखं नाही. लिहून ठेवलं.

१८ डिसेंबर, शनिवार. सातारा. संध्याकाळी ७.

पिलांच्या गाडीत बसून लिहितोय. हॉलच्या मागच्या भिंतीला लावली आहे.

गेटवर लीगची एक पोरगी होती, समीक्षा नावाचा बिल्ला लावलेली. सर्टिफिकेटची फाइल माझ्याकडे होती, निदान ती तरी मीच द्यावी म्हणून. ती एकेक नाव मोठ्याने वाचून खूण करत होती. नाथाजी झाला. मग धुळा. "पहिला डोस चोवीस जून, दुसरा वीस सप्टेंबर. ओके, पुढे."

मी म्हटलं, पोरी, नीट वाच. तिने कागद माझ्यापुढे धरला. चोवीस जून. वीस सप्टेंबर. जत.

वीस सप्टेंबरला मी हाफ बाह्यांचा शर्ट घालून घरी बसलो होतो. धुळ्या गावी गेला होता. खांदा. गरम पाण्याची पिशवी. पडद्याआड दोन मिनिटं.

शाहनवाज वहीत बघायला लागला. धुळ्या बुटाची नाडी बांधायला वाकला, सुटलेली नसताना. मंगल संघाचा कोंबड्याचा टी-शर्ट लुगड्यावर घालून उभी होती, ती एकटीच माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आवं, तुमच्याबिगर न्हाई जायाचं म्हणाली पोरं. मग काय करायचं? धोंडुबाईनं वाट दाखवली." मग सगळे आत गेले. मॅनेजर आधी.

मी गाडीत. भिंतीतून ऐकू येतं. धुळ्याच्या पहिल्या तीन चढायांत 'ड' खणखणीत होता. हाफ टाइमला आम्ही पुढे असणार. मग पंचाची लांब शिट्टी झाली आणि सगळा हॉल गप्प झाला. त्या शांततेत एकच आवाज आला. "धर रं त्येला. पाय धर. बघत काय बसलाईस, जेवाय घालत न्हाई मी."

लग्नाच्या एकोणतीस वर्षांत हा आवाज मी बाहेरून कधी ऐकला नव्हता.

रात्री ९.

जिंकलो. अकरा पॉइंटने. मुंबईच्या माणसाने धुळ्याचा नंबर घेतला, दोनदा खात्री करून. धुळ्या घामाने निथळत सगळ्यांच्या आधी गाडीशी आला, पाया पडला. म्हणाला, "रागावू नगा मालक. घंटीवाल्यासाठी कळप थांबतोय. दुसऱ्या कुणासाठी थांबत न्हाई."

मी म्हटलं, जा, अंग पूस, गार वारं आहे.

घंटीवालं म्हणजे पुढारी. त्याचा आदर कळला. घंटी बकरं स्वतः गळ्यात बांधत नाही, हे तो बोलला नाही. तेवढं मलाही माहीत आहे.

२७ डिसेंबर, सोमवार.

लीग संपली. काल फायनल, आम्ही उपविजेते. पेपरात फोटो. मध्ये कप, कपाला धरून मंगल. खाली 'तुरेबाज संघाच्या मॅनेजर'. पोरं म्हणतात, काकी खुर्चीवर बसल्यापासून संघ फायनलला गेला. मंगल म्हणते, ती खुर्ची टोचते, पुढच्या वर्षी उशी नेईन.

पुढच्या वर्षी.

२९ डिसेंबर, बुधवार.

आज माझे चौदा दिवस पूर्ण झाले. नियमाप्रमाणे आता मी कुठल्याही स्टेडियममध्ये जाऊ शकतो.

सकाळी आष्ट्याच्या चौकात जाऊन सर्टिफिकेट प्रिंट केलं, लॅमिनेट केलं. घरी मंगल नव्हती, सत्काराला इस्लामपूरला गेली आहे. पोरं आपापल्या गावी. गोदामात मॅट गुंडाळून ठेवलंय. धुळ्याला फोन केला, तो मेंढरांत होता, वाऱ्याने नीट ऐकू आलं नाही.

शेडवर गेलो. सर्टिफिकेट हातात तसंच. दारात उभं राहून हलकी शिट्टी मारली.

आठ हजार कोंबड्या गप्प झाल्या. बराच वेळ ऐकत होतो. कुणी शिंकलं नाही.